संमतीपत्र आईच्या हातात देणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आई नव्या औषधाच्या ट्रायलमधून, म्हणजे रुग्णांवरच्या चाचणीतून, बाहेर पडली, आपला कागदोपत्री संबंध संपला. तरी हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तिचं उजव्या बरगडीखालचं दुखणं बरेच दिवस ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढलं गेलं. निघाला तो यकृताच्या आतल्या पित्तनलिकांचा कॅन्सर, तोही पसरलेला. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिनची केमो लागू पडेनाशी झाली तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या, आणि पेशंटला काही बोलू नका." बायोप्सीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी करून बघू, असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांत एफजीएफआर२ जनुक दुसऱ्याच जनुकाला चिकटलेलं असतं, त्यामुळे पेशींना सतत 'वाढा' असा हुकूम मिळत राहतो आणि तो अडवणाऱ्या गोळ्या आहेत, हे मला तुमच्याकडून कळलं. त्यातल्याच एका गोळीला, पेमिगॅटिनिबला, अमेरिकेत २०२० मध्येच मंजुरी मिळाली होती. माझा राग अजून शमलेला नाही.

तुम्ही तपासणी करून घेतलीत, त्याच जातीच्या एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये आईला जागा मिळाली. पण आभार मानायचे आहेत ते दुसऱ्याच गोष्टीचे.

संमतीपत्राचा गठ्ठा माझ्या हातात होता, पेनही. तुम्ही तो माझ्याकडून घेतलात, खुर्ची आईसमोर ओढलीत आणि म्हणालात, "काकू, औषध तुमच्या अंगात जाणार आहे. आधी तुम्हाला पटू दे."

मग एकेक पान. गाठी जातीलच असं नाही, पसरणं काही काळ थोपवता येतं का ते बघायचं आहे. रक्तात फॉस्फरस वाढेल, डोळे कोरडे पडतील, नखं दुखतील. नको वाटलं तर कधीही सोडा, कुणी रागावणार नाही. आईने विचारलं, "माझ्याकडे किती वेळ आहे?" तुम्ही उत्तर देण्याआधी माझ्याकडे बघितलं नाहीत. हेच ते. आजवर प्रत्येकाने आधी माझ्याकडे बघितलं होतं. २०१० च्या ज्या अभ्यासाने आईला आधी दिलेली केमो रूढ झाली, त्यात ती घेणारे निम्मे रुग्ण वर्षभरही जगले नव्हते, हे तुम्ही तिला शांतपणे सांगितलंत. तो आकडा पुष्कळ जणांचा मिळून आहे, तुमचा एकटीचा नाही, हेही सांगितलंत. आईने चष्मा पुसला, दोन प्रश्न आणखी विचारले आणि सही केली. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

गाठी आकसल्या, पसरणं थांबलं, मग यकृतात नवी गाठ दिसली. तेही तुम्ही तिलाच सांगितलंत. औषधं शोधणारे हुशार लोक जगभर आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण आजारी माणसाला माणूस म्हणून समोर बसवणारे मला फार थोडे भेटले.

आता आईचा निरोप, तिच्याच शब्दांत: "माझं रक्त, गाठीचे तुकडे पुढच्या अभ्यासाला खुशाल वापरा. औषध लागू पडायचं का थांबलं, ते सापडलं तर मला कळवा. मी नसले तर हिला."

आपली,
काकूंची मुलगी