नाणारचे श्रेय आणि बारसूचे पत्र

महोदय,

२०१४ ते २०१९ मधल्या भाजप-शिवसेना युती सरकारातील कामगिरीचा विषय निघाला की शिवसेनेची मंडळी आमच्याकडे एकच गोष्ट पुढे करतात : 'नाणारची रिफायनरी आम्ही घालवली.' आमच्या राजापूर तालुक्यातल्या नाणारचा तो तेलशुद्धीकरण प्रकल्प घालवला, खरे आहे. मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पण मे २०१७ मध्ये ती निघाली तेव्हा उद्योग खाते कोणाकडे होते? सेनेच्याच सुभाष देसाईंकडे. एप्रिल २०१८ मध्ये नाणारच्या सभेत त्यांनी ती रद्द केल्याचे जाहीर केले, तर मुख्यमंत्री फडणवीसांनी तो अधिकार मंत्र्यांचा नाहीच म्हणून सांगितले. सरकारात धाकट्या भावाचा शब्द किती चालतो, ते तेव्हाच कळले. (राजीनामे खिशात घेऊन फिरतो म्हणणाऱ्या सेनेच्या मंत्र्यांचे राजीनामे मात्र खिशातच राहिले, कपडे धुवायला टाकताना काढून ठेवत असावेत.)

तरी सरकारातला एक पक्ष आपल्या बाजूचा आहे, एवढा धीर रिफायनरीला विरोध करणाऱ्या गावांना मिळाला, हे थोडके नव्हे. पण जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीच रिफायनरीसाठी बारसूची जागा पंतप्रधानांना पत्राने सुचवली. बारसूही राजापूर तालुक्यातच येते. सेनेच्या मंडळींनो, पुढच्या सभेत त्या पत्राबद्दलही बोला, आम्ही ऐकायला येऊ.

– एक आंबा बागायतदार, राजापूर