डेम्लो संख्यांनाही बालपुरवणीत जागा द्यावी

महोदय,

२२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनानिमित्त वृत्तपत्रांतून दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे स्मरण केले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र ते बहुतेक वेळा ६१७४ या स्थिरांकापाशीच (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास शेवटी येणारी संख्या) थांबते. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता कापरेकरांनी संख्यांचे जे निरनिराळे प्रकार शोधून त्यांना नावे दिली, त्यांपैकी डेम्लो संख्यांची ओळख आपल्या बालपुरवणीने करून द्यावी, अशी विनंती आहे. डेम्लो हे आजच्या डोंबिवली स्थानकाचे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळातील नाव; त्यावरूनच या संख्यांना नाव मिळाले.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी डेम्लो संख्या घ्या. ती उलटसुलट सारखीच वाचली जाते आणि नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा ती वर्ग आहे. चौकटींच्या वहीत हा गुणाकार मांडला, तर एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात, मधल्या स्तंभात नऊ एक एकाखाली एक येतात आणि बेरजेत कुठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले, की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा पुढे जातो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येऊन सममिती मोडते.

पहिल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद हे सुंदर नावही कापरेकरांचेच. हे गुण दशमान लेखनावर अवलंबून असल्याने काही जाणकार त्यांना निव्वळ करमणूक मानतात, ते मला पटत नाही. याच संख्येचे मूळ अवयव पाडले, तर ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा मिळतात. त्यावरून तिचे एकूण विभाजक ४५ निघतात. विभाजकांच्या जोड्या लावताना वर्गमूळ एकटे उरते, म्हणून पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, मग ती संख्या कोणत्याही पद्धतीने लिहा. लेखनामुळे आलेला गुण कोणता आणि संख्येच्या अंगचा कोणता, हा भेद मुलांना एकाच उदाहरणातून दाखवता येतो.

यंदा कापरेकरांच्या छायाचित्राशेजारी हा नऊ ओळींचा गुणाकार, स्तंभ सरळ जुळतील अशा ठळक टाइपात, पूर्ण छापावा.

— एक निवृत्त गणित शिक्षिका, नाशिक