डबा घेऊन उभा असलेला गायक

महोदय,

सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे भावपूर्ण गाणे) आणि डिस्को (क्लबांत नाचण्याचे संगीत) म्हटले की आपल्याकडे पार्टी आणि झगमगते दिवे एवढेच डोळ्यांसमोर येते. मला मात्र हे संगीत सकाळी पोळ्या लाटताना आणि लोकलच्या गर्दीत सोबत करते. त्यात नवल नाही, कारण सोल आले तेच कष्टकऱ्यांच्या घरांतून.

अमेरिकी सोल गायक बिल विदर्स विमानांत शौचालये बसवण्याचे काम करत. १९७१ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ते कारखान्याच्या भिंतीशी जेवणाचा डबा हातात धरून उभे आहेत. बडेजाव नाही, साधे कामाचे कपडे. पुढच्याच वर्षी ‘लीन ऑन मी’ (माझा आधार घे) हे गाणे आले. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणींच्या मुलुखात वाढलेल्या या माणसाने शेजारधर्म किती सोप्या शब्दांत गायला! चालही अशी, की पियानोच्या पट्ट्यांवर पायरी पायरीने चढते आणि उतरते. थकून घरी आल्यावर मी आजही तेच गाणे लावते.

डिस्कोवर तर अन्यायच झाला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात या संगीताच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. न्यूयॉर्कच्या क्लबांत ते ज्यांनी वाढवले, त्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुण मोठ्या संख्येने होते, हे तेव्हा कितींनी लक्षात घेतले?

आपल्या रविवार पुरवणीत या कलावंतांवर एखादी लेखमाला जरूर द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली