दसऱ्याआधी निराधारांचे अडकलेले अनुदान मोकळे करू या : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्याच्या ऊसतोड पट्ट्यातल्या १४ गावांमधील महिला बचत गटांचा आमचा प्रभागसंघ आहे. गौरी-गणपती उठले की दसऱ्यापर्यंत या प्रत्येक गावात निराधार अनुदानाच्या लाभार्थ्यांसाठी कागदपत्रे आणि बँक खाती नीट करून देणारे शिबिर घ्यायचे ठरले आहे. त्यासाठी पैसे हवेत. पैशांपेक्षा जास्त निकड जाणत्या माणसांची आहे. आणि एक मदत तर अशी आहे की ती सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर आणि बेळगाव या भागांत राहणारी मंडळीच करू शकतील. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

घाई कशासाठी, ते आधी सांगतो. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते आणि दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांवर जातात. मग गावात म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेले आणि लहान लेकरे एवढीच उरतात. आजीच्या आधारला जोडलेला मोबाइल मुलाच्या खिशात, आणि मुलगा ऊसाच्या फडात. ओटीपी तिकडे जातो, आजी इकडे सेतू केंद्रात बसून राहते. उन्हाळ्यात माणसे परततात तोवर सहा महिन्यांचे अनुदान अडकलेले असते. म्हणून हे काम घरात माणूस असतानाच उरकावे लागते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अनाथ मुले, दुर्धर आजाराने ग्रासलेले, किमान ४० टक्के अपंगत्व असलेले असे ६५ वर्षांखालचे निराधार त्यात येतात. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. जुलै २०२३ पासून दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये आहेत. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. दारिद्र्यरेषेखालच्या ६५ ते ७९ वयाच्या लाभार्थ्याच्या या १,५०० रुपयांत केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा २०० रुपयांचा असतो, बाकीचे १,३०० राज्य घालते. हे दोन हप्ते वेगवेगळ्या दिवशी जमा झाले, की पासबुकात दोनशेच पाहून माणसे अनुदान कापले गेले असे समजतात आणि भाड्याला पैसे घालून तहसीलला हेलपाटा मारतात. पासबुकाच्या पुढच्या ओळी वाचून दाखवणारे कोणी भेटले, तर तो हेलपाटा वाचतो.

खरी अडचण डिसेंबर २०२४ नंतर सुरू झाली. त्याआधी तहसीलमधून बँकेकडे यादी जायची, यादीतल्या खाते क्रमांकावर रक्कम पडायची. आता अनुदान थेट लाभ हस्तांतरणाने येते. हा पैसा खाते क्रमांक पाहत नाही, आधार क्रमांक पाहतो. त्या आधारवर शेवटचे जे खाते ‘सीडिंग’ झाले असेल, तिथे तो जातो. मधल्या दलालांचे फावू नये म्हणून केलेला हा बदल आम्हाला मान्य आहे. पण ज्यांच्या आधारमध्येच चूक आहे, त्यांच्यासाठी दारच बंद झाले.

आधार ‘लिंक’ असणे आणि ‘सीडिंग’ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने ओळख पटवण्यासाठी आधारची झेरॉक्स घेतली आणि खात्याला क्रमांक जोडला, की झाले लिंक. सरकारी पैसा त्या खात्यात यावा म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत ते खाते चढवावे लागते आणि त्यासाठी खातेदाराने वेगळा संमतीचा फॉर्म भरून द्यावा लागतो. जिल्हा मध्यवर्ती बँकेत वर्षानुवर्षे अनुदान घेणारी बाई “माझं आधार जोडलंय” म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. मधल्या काळात बाजारात कुणीतरी सिमकार्ड देताना किंवा कर्ज देताना तिचा अंगठा घेऊन दुसरेच खाते उघडलेले असते आणि सीडिंग तिकडे गेलेले असते. पैसे येतही असतात, फक्त ते कुठे येतात हे तिला ठाऊक नसते. सीडिंग कुठे आहे हे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. पण तिथेही ओटीपी लागतोच. म्हणून क्रम असा धरावा : आधी आधारमधला मोबाइल क्रमांक, मग सीडिंगची तपासणी, मग बँकेचा फॉर्म. क्रम उलटा केला, की त्याच कामासाठी दोन-दोनदा तालुका गाठावा लागतो.

दोन वर्षे ज्या खात्यात खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही, ते निष्क्रिय होते. ते पुन्हा सुरू करायला बँकेला शुल्क घेता येत नाही. कुणी मागितलेच, तर रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे हे नम्रपणे सांगावे. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या ‘छोट्या खात्या’ला वर्षाला एक लाख रुपये जमेची मर्यादा असते. घरकुलाचा हप्ता त्याच खात्यात आला, की ती मर्यादा भरते आणि अनुदान परत फिरते. संपूर्ण केवायसी करून घेणे हाच त्यावर उपाय. मुलाबरोबरच्या संयुक्त खात्यापेक्षा आजीच्या एकटीच्या नावाचे खाते बरे. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या दारी येऊन पोस्टमन पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडतो आणि सीडिंगही करून देतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आमची भिस्त त्याच्यावरच आहे.

नावांचा घोळ वेगळाच. आधारवर सखुबाई, पासबुकावर सखू, रेशनकार्डावर माहेरचे नाव. कोयता आणि मोळीने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून अंगठा उमटत नाही. आधार काढताना जन्मदाखला नव्हता, म्हणून कितीतरी जणांची जन्मतारीख १ जानेवारी पडली आणि वर्ष अंदाजाने. ६८ वर्षांची बाई आधारवर ६१ची असते. जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते. त्यामुळे शाळेचा दाखला किंवा तसाच पक्का पुरावा हाती आल्याशिवाय ती दुरुस्ती कुणीही घाईने करू नये. ती एक संधी चुकीच्या कागदावर गेली, तर श्रावणबाळ कायमचे लांबते.

आता उत्पन्नाची अट. संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागते, दिव्यांगांसाठी ५०,०००. वर्षाला २१,००० म्हणजे घराला रोजचे ५८ रुपयेही नाहीत. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये धरली, तर घरातले एक माणूस ६८ दिवस कामावर गेले की ते घर निराधार राहत नाही. रोजगार हमी कायदा मात्र १०० दिवसांची हमी देत आला. याच राज्यात २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांची मर्यादा आहे आणि रक्कम तीच, १,५०० रुपये. सोपी म्हणून एखाद्या विधवा भगिनीने ती योजना घेतली, तरी ६५ पूर्ण झाल्यावर ती बंद होते, आणि श्रावणबाळच्या दारात २१,००० ची अट उभी असते. ही मर्यादा दीड दशकाहून जास्त काळ जागची हललेली नाही. ती बदलणे शिबिराच्या हातात नाही. पण ज्या गावांना हे पटते, त्यांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मर्यादा वाढवण्याच्या मागणीचा ठराव घ्यावा आणि त्याची नक्कल तहसीलदारांना द्यावी, ही कळकळीची विनंती. ठरावाचा मसुदा आम्ही देऊ.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबत एक सूचना. तलाठ्याकडे जबाब देताना उत्पन्न “अंदाजे लिहा” असे म्हणू नये. अंदाजे लिहिलेला आकडा २१,००० च्या वर गेला, की अर्ज तिथेच बाद होतो. मजुरीचे दिवस आणि दर मोजून, खरे तेच सांगावे. शिवाय, या दाखल्यांसाठी करायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर चालते. त्यासाठी कुणी ५०० रुपयांचा बाँड आणायला सांगितला, तर आमच्याकडे या.

सर्वांत अवघड कागद म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. ऊसतोडीला गेलेला माणूस वाळव्यात किंवा चिकोडीत वारला, प्रेत रातोरात टेम्पोने गावी आणून माती दिली, तर नोंद इकडेही नाही आणि तिकडेही नाही. कायद्याने २१ दिवसांत नोंद करावी लागते. वर्ष उलटून गेले, तर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्या आदेशासाठी मृत्यू अमुक ठिकाणी, अमुक दिवशी झाला याचा पुरावा हवा : दवाखान्याची चिठ्ठी, अपघात असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, नाहीतर तिथल्या पोलीस पाटलाचे पत्र. हातावर पोट असलेली बाई तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या अनोळखी ग्रामपंचायतीत जाऊन जुने रजिस्टर कशी शोधणार? या एका कागदावाचून तिचे अनुदान तर अडतेच, शिवाय कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेल्यावर मिळणारे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपयेही हातचे जातात. (त्या योजनेला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागते आणि ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची आहे. त्यानंतर वेगळ्या झालेल्या चुली त्यात नाहीत.)

म्हणून साखरपट्ट्यातल्या वाचकांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा दवाखान्यात जाऊन आम्ही दिलेल्या नाव-तारखेची नोंद आहे का, एवढे पाहून द्या. नोंद सापडली तर रीतसर अर्ज करून दाखला काढून पाठवा. नाही सापडली, तर ‘नोंद आढळत नाही’ असे लेखी घ्या. उशिराच्या नोंदीचा अर्ज करताना तो कागदही लागतो. बेळगाव-बागलकोटकडचे अर्ज कन्नडमधून असतात, त्यामुळे दोन्ही भाषा लिहिता येणाऱ्यांची आम्हाला फार गरज आहे. एका प्रकरणाला दोन ते तीन फेऱ्या धरा. प्रवासखर्च आम्ही देऊ.

शिबिर एका गावात दोन दिवसांचे असेल, मध्ये १५ दिवसांचे अंतर. पहिल्या दिवशी प्रत्येकाचे आधार, पासबुक, रेशनकार्ड आणि मंजुरीचे पत्र समोर ठेवून नेमके कुठे अडले ते एका कागदावर लिहायचे : मोबाइल, नाव, सीडिंग, निष्क्रिय खाते, दाखला की हयातीची पडताळणी. मधल्या पंधरवड्यात ज्याची त्याची दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी पासबुक भरून आणून तपासणी आणि नवे अर्ज. पहिला दिवस घेऊन दुसरा न घेणे ही अशा शिबिरांची नेहमीची चूक. फॉर्म भरले जातात, फोटो निघतात, आणि बँकेने फॉर्म बाजूला ठेवलाय हे कुणाला कळतच नाही.

खर्च एका गावात ४० लाभार्थी धरून काढला आहे. म्हाताऱ्या माणसांना तालुक्याच्या आधार केंद्रात नेण्या-आणण्यासाठी जीपचे दोन दिवसांचे भाडे ४,००० रुपये. माणशी ३० पाने, २ रुपये दराने झेरॉक्स २,४००. आधार दुरुस्तीचे शुल्क : नाव-मोबाइलसाठी ७५ रुपयांप्रमाणे २० जणांचे १,५००, बोटांचे ठसे व बुबुळांसाठी १२५ रुपयांप्रमाणे ८ जणांचे १,०००. फोटो ८००, जेवण आणि चहापाणी १,३००. एकूण ११,०००. चौदा गावांचे १,५४,००० होतात. त्यांतले ३४,००० प्रभागसंघ स्वतःच्या निधीतून घालत आहे, उरलेल्या १,२०,००० साठी हे आवाहन आहे. पूर्ण गावाचा खर्च उचलणे जमत नसेल, तर २७५ रुपयांत एका माणसाचे काम होते.

वस्तू देणार असाल तर चालू स्थितीतले दोन लॅपटॉप आणि स्कॅनर असलेला एक प्रिंटर द्या. धान्य, साड्या, ब्लँकेट या कामासाठी नकोत. ज्यांच्या नावे सरकारकडे पैसा आहे, त्यांना तो मिळवून देणे एवढेच या वेळी हाती घेतले आहे.

माणसांमध्ये निवृत्त बँक कर्मचारी सर्वांत उपयोगी. शाखेत कोणता फॉर्म कोणाच्या टेबलावर अडतो, हे त्यांना न सांगता कळते. निवृत्त तलाठी, अव्वल कारकून, मुख्याध्यापक यांचेही स्वागत आहे. शाळेचे जुने रजिस्टर वाचायला मुख्याध्यापकच लागतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी किमान सलग चार दिवस द्यावेत, एका दिवसाने काम पुढे सरकत नाही. पुण्या-मुंबईला असलेल्या गावच्या मुलामुलींनी एवढे तरी करावे : दसऱ्याला घरी याल तेव्हा आजी-आजोबांचे पासबुक भरून आणा, आणि त्यांच्या आधारला तुमचा नंबर जोडला असेल तर ओटीपीसाठी फोन उचला.

तीन पथ्ये सगळ्यांनी पाळायची आहेत. लाभार्थ्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, नारळही नाही. आधारच्या प्रत्येक झेरॉक्सवर ती कोणत्या कामासाठी दिली ते आडवे लिहायचे आणि काम झाल्यावर उरलेल्या प्रती त्या माणसाच्या समोर फाडायच्या. ओटीपी लाभार्थ्याने किंवा त्याच्या घरच्याने स्वतः टाकायचा.

देणगी प्रभागसंघाच्या नावाने धनादेशाने किंवा खात्यावरच द्यावी, कार्यकर्तीच्या हातात रोख देऊ नये. पावती त्याच दिवशी मिळेल. आयकरातील सवलतीसाठी आमची नोंदणी नाही, हे आधीच सांगतो. जमाखर्च २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचला जाईल आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल. पैसे उरले, तर ते मृत्युदाखल्यांच्या प्रवासखर्चासाठीच वापरू, कारण ती प्रकरणे दसऱ्याला संपणारी नाहीत.

नाव नोंदवण्यासाठी प्रभागसंघाच्या कार्यालयात किंवा तुमच्या गावच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षांकडे पोळ्यापर्यंत कळवा. कोणत्या आठवड्यात येऊ शकाल आणि बँक, महसूल, शाळा, कन्नड यांपैकी काय जमते, हे दोन ओळींत लिहिले तरी पुरे.

आपल्या,
प्रभागसंघाच्या निराधार मदत समितीच्या सर्व भगिनी आणि कार्यकर्ते