दरसाल दरशेकडा विसरलात, संपादक महोदय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात पान तीनवर आपण एक चौकट छापली होती. मथळा होता, ‘घानापेक्षा सांगली चौपट वेगाने!’ खाली लोकसंख्यावाढीचे दोन आकडे: घाना २.१ टक्के, सांगली ९.२ टक्के. शेजारी बाजारातल्या गर्दीचा फोटो. दोन्ही आकडे खरे आहेत, मी ताडून पाहिले. तरीही चौकट सपशेल चुकली आहे आणि ती चूक आमच्या गल्लीत आठवडाभर फिरते आहे.

सोमवारी सकाळी डेअरीवर दूध घ्यायला गेले, तर रांगेत हाच विषय. ‘वाचलं का बाई, आपण आफ्रिकेच्या बी पुढं गेलो!’ दूध मापणाऱ्याला आधी वाटलं, लाकडी घाण्याच्या तेलाची बातमी आहे. घाना नावाचा देश आहे हे त्याला तिथेच कळलं आणि तो देश आपल्या मागे पडला हेही त्याच दमात कळलं. मी तिथे काही बोलले नाही. रांगेत उभं राहून टक्केवारी शिकवायचं वय आता गेलं. पण घरी आले, तर सातवीतला नातू हीच चौकट कापून वहीत चिकटवत बसलेला. शाळेत ‘लोकसंख्या वाढ’ या विषयावर काहीतरी चिकटवून आणायला सांगितलं होतं. मग मात्र राहवेना.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं. सरळव्याज-चक्रवाढव्याजाच्या गणितात मुलं हमखास एका ठिकाणी मार्क घालवायची: ‘दरसाल दरशेकडा’ हे दोन शब्द न वाचता थेट आकड्यांवर उडी. आपल्या चौकटीत तेच झालं आहे. घानाचा २.१ हा दरसालचा दर आहे, २०१० आणि २०२१ या त्यांच्या दोन जनगणनांमधल्या काळाचा. सांगलीचा ९.२ हा २००१ ते २०११ या दहा वर्षांचा मिळून आहे, कारण आपल्याकडे जनगणनेत दशवार्षिक वाढ छापायची पद्धत आहे. एका पतसंस्थेने वर्षाचं व्याज सांगितलं, दुसरीने दहा वर्षांचं मिळून सांगितलं आणि आपण दुसरीत पैसे ठेवून आलो, अशातली गत.

नातवाला दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून दाखवलं. सांगली जिल्हा २००१ मध्ये २५ लाख ८३ हजार, २०११ मध्ये २८ लाख २२ हजार. हे दरसालवर आणलं तर ०.९ टक्क्याच्या किंचित खालीच राहतं. शेजारचा सातारा त्याहून खाली: त्या दहा वर्षांत ६.९ टक्के, म्हणजे दरसाल पाऊण टक्कासुद्धा नाही. आता घाना: २०१० मध्ये २ कोटी ४६ लाख ५९ हजार, २०२१ मध्ये ३ कोटी ८ लाख ३२ हजार. पावणेअकरा वर्षांत पंचवीस टक्के वाढ. म्हणजे चौपट सोडाच, घानाच आपल्या जवळजवळ अडीचपट वेगाने वाढला. नातू म्हणाला, ‘आजी, मग उलटं छापलंय!’ होय बाळा, उलटं छापलंय.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण घानाचे आकडे काढून बसले, तेव्हा त्यात असं काही दिसलं की आपल्या चौकटीपेक्षा त्याच्यावर लिहावं असं वाटलं.

मी १९९१ आणि २००१ च्या जनगणनेत प्रगणक होते. १९९१ ला माझ्याकडे खानापूर तालुक्यातलं एक गाव होतं. त्या भागाची ओळख म्हणजे गलाई. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं केरळपासून कोलकात्यापर्यंत पांगली आहेत. घर नंबर टाकत गेले तर एका आळीत दर तिसऱ्या दाराला कुलूप. एका घरी मात्र म्हातारी दारातच शेंगा फोडत बसलेली. विचारलं, घरात माणसं किती? म्हणाली, ‘सात.’ आत डोकावलं तर चूल एकाच माणसाची. दोन्ही मुलगे, सुना आणि नातवंडं कोइमतूरला. मी नियम समजावला: मोजणीच्या दिवसांत जो जिथे मुक्कामाला असतो, तो तिथे मोजला जातो, मुलगे कोइमतूरला मोजले जातील. तिला पटेना. ‘बाई, रेशनकार्डावर सात हायत. घर त्यांचं, शेत त्यांचं. आन् तुम्ही एक लिवता?’ मी एकच लिहिलं. चहा मात्र पाजलाच तिने, पण परत येताना शेंगा नाही दिल्या.

दहा वर्षांनी माझी बदली वाळवा तालुक्यात झालेली, तिथे उलटा प्रकार. जनगणना फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात. उसाच्या फडाच्या कडेला बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्या पडलेल्या. अंधार पडल्यावर टोळी फडातून परते, तेव्हा बॅटरी घेऊन मी कोपीकोपीत वाकून नावं लिहिली. ती माणसं त्या गावच्या आकड्यात आली आणि एप्रिलमध्ये बीडला निघून गेली.

तेव्हापासून माझं मत झालं आहे की वाढीच्या दरात किती जन्मले आणि किती मेले एवढंच नसतं, कोण आलं आणि कोण गेलं हेही असतं. सातारा-सांगलीचा दर कमी आहे यात लहान कुटुंबाचा वाटा मोठा आहेच. महाराष्ट्रात आता एका बाईमागे सरासरी दोनसुद्धा मुलं होत नाहीत. पण त्यात मुंबईला गेलेल्या गिरणी कामगारांच्या पिढ्या आहेत आणि ती कुलपं आहेत. आपण मात्र या आकड्यावर ‘कुटुंबनियोजनाचं यश’ किंवा अपयश असा शिक्का मारून मोकळे होतो.

घानाच्या आकड्यांत ही कुलपं मला जास्तच ठळक दिसली. १९६० ते १९७० मधला त्यांचा दर दरसाल २.४ टक्के. त्या काळी कोकोचे मळे, खाणी आणि बाजारपेठा यांत नायजेरिया, अपर व्होल्टा (आताचा बुर्किना फासो), टोगो इथून आलेली माणसं मोठ्या संख्येने होती. नोव्हेंबर १९६९ मध्ये पंतप्रधान बुसिया यांच्या सरकारने हुकूम काढला: परवाना नसलेल्या परदेशी लोकांनी दोन आठवड्यांत कागद करावेत, नाहीतर देश सोडावा. लाखांनी माणसं गेली. चार महिन्यांनी, मार्च १९७० मध्ये जनगणना झाली. त्या २.४ मध्ये ही रिकामी झालेली घरंही आहेत.

पुढे चक्र उलटलं. सत्तरच्या दशकात घानाची अर्थव्यवस्था बसली, नायजेरियात तेलाचा पैसा आला आणि आता घानाचे लोक तिकडे गेले. जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाने तसाच हुकूम काढला. सुमारे दहा लाख घानावासी बोचकी उचलून बेनिन, टोगो ओलांडत परत आले, तेही दुष्काळ आणि वणव्यांनी पोळलेल्या वर्षात. मार्च १९८४ ला मोजणी झाली: १ कोटी २३ लाख. दर आला २.६. हा आकडा छापताना कोणी ‘घानात बेसुमार जन्मदर’ असा मथळा दिला असता, तर आपल्या चौकटीचा तो थोरला भाऊ शोभला असता.

त्या वेळी लोकांनी सामान ज्या पिशवीत कोंबलं, ती निळ्या-लाल चौकड्यांची, चेनची, प्लास्टिकची पिशवी. नायजेरियात तिला आजही ‘घाना मस्ट गो’ म्हणतात, म्हणजे ‘घानावाल्यांनो, निघा’. सांगलीच्या स्टँडसमोर ती कुठेही मिळते. गलाईवाले दिवाळीला गावी येतात तेव्हा टपावर हीच पिशवी असते. आपल्याकडे तिला नाव नाही, एवढाच काय तो फरक.

आता वेगाबद्दल. घानाचा दर १९८४ ते २००० मध्ये दरसाल २.७ होता, मग २.५ झाला, मग २.१. दर उतरतो आहे म्हणजे माणसं कमी होत आहेत, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण मी प्रत्येक टप्प्यात वर्षाला किती माणसं वाढली ते काढलं. दर सगळ्यांत जास्त, म्हणजे २.७ होता, तेव्हा वर्षाला सव्वाचार लाखांच्या आत भर पडत होती. दर २.१ वर आला, तेव्हा पावणेसहा लाखांच्या घरात. दर उतरला आणि भर वाढली! गंमत काही नाही, मुद्दल मोठी झाली की कमी व्याजातही रक्कम जास्तच येते. १९६० मध्ये ६७ लाखांचा देश २०२१ मध्ये तीन कोटींच्या वर होता.

मात्र २००० ते २०१० आणि २०१० ते २०२१ या दोन टप्प्यांत वर्षाची भर जवळजवळ सारखीच आहे. चढ संपून माथा आल्यासारखं वाटतं. आपल्याही देशाचं असंच झालं होतं. २००१ ते २०११ या दशकात आधीच्या दशकापेक्षा थोडी कमी माणसं वाढली. १९११ ते १९२१ चं इन्फ्लुएन्झाचं दशक सोडलं, तर असं पहिल्यांदाच घडलं. घाना तिथे टेकला आहे की नाही हे त्यांच्या पुढच्या मोजणीत कळेल.

तिथल्या बायकांना १९८८ च्या पाहणीत सरासरी ६.४ मुलं होती, २०२२ च्या पाहणीत ३.९. राजधानी अक्राकडे कमी, उत्तरेकडे जास्त. एवढी घट होऊनही संख्या लगेच थांबणार नाही, कारण २०२१ मध्ये शंभरातली पस्तीस माणसं पंधरा वर्षांच्या आतली होती. त्यातल्या मुली आईच्या वयाला यायच्या आहेत. प्रत्येकीने दोनच मुलं म्हटलं तरी पाळणे पुष्कळ हलणार. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०५० मध्ये घाना पाच कोटींच्या आसपास असेल आणि दर दीड टक्क्याच्या खाली आलेला असेल.

अंदाज हा शब्द मी मुद्दाम लिहिते. त्याच भागातल्या नायजेरियाबद्दल २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी म्हटलं होतं, २१०० मध्ये ९१ कोटी. २०२४ मध्ये तेच म्हणतात, ४८ कोटी. बारा वर्षांत त्रेचाळीस कोटी माणसं कागदावरून गेली. कुणी लबाडी केली असं नाही. एका बाईमागे मुलं किती हा आकडा थोडा सरकला की पाऊणशे वर्षांनंतरची बेरीज कुठल्या कुठे जाते. शिवाय नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ ची. पायाच जुना, तर कळस हलणारच.

आणि इथे मला आपल्या चौकटीहून जास्त लागलेली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घानातल्या तेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात फिटर आहे. घानाची जनगणना २०२० ला व्हायची होती, कोरोनामुळे एक वर्ष लांबली. त्यांनी ती पहिल्यांदाच टॅबलेटवर घेतली. मोजणीची रात्र २७ जून २०२१. त्याने मला फाटकावर खडूने लिहिलेल्या नंबराचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘बाई, तुम्ही गेरूने टाकायचा तसाच! मला पण मोजलं.’ आपलीही जनगणना २०२१ चीच होती. ती आता २०२७ ला होते आहे. म्हणजे हा विट्याचा पोरगा घानाच्या मोजणीत येऊन गेला, आणि विट्यात त्याच्यामागे किती माणसं राहिली हे सांगायला आपल्याकडे अजून २०११ चाच कागद. आपणही चौकटीत २०११ चा आकडा छापलात, तो कोणत्या सालचा हे न लिहिता.

तेव्हा विनंती एवढीच की दुरुस्ती छापावी, आणि दराशेजारी साल, किती वर्षांचा तो दर आणि मूळ संख्या, या तीन गोष्टी द्याव्यात. जागा लागते म्हणाल तर बाजारातल्या गर्दीचा फोटो काढून टाका, तो ना घानाचा आहे ना सांगलीचा. दुरुस्ती पान तीनवरच छापावी, शोकसंदेशांच्या खाली नको. नातवाने वहीतली जागा कोरी ठेवली आहे, त्याला पुढच्या शुक्रवारपर्यंत वही द्यायची आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
विटा, जि. सांगली