पेजमेकर घडवणाऱ्या पाच जणांना

पॉल ब्रेनर्ड, जेरेमी जेक, मार्क सुंडस्ट्रॉम, माइक टेम्पलमन आणि डेव्ह वॉल्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. कवितासंग्रह, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, प्रबंध, जे येईल ते. माझं घर याच कामावर उभं राहिलं. तुमची माझी ओळख नाही. मी सातारा जिल्ह्यात राहते आणि संगणकावर पानांची मांडणी करायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर काढणारी तुमची आल्डस कंपनी होती अमेरिकेत, सिअ‍ॅटलला. तरी तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, असं फार दिवस मनात होतं.

ब्रेनर्ड साहेब, आल्डसची गोष्ट सांगताना लोक बहुधा अ‍ॅपलच्या लेझर प्रिंटरपासून सुरुवात करतात. मला ती त्याच्याही आधीपासून सांगावीशी वाटते. ओरेगन विद्यापीठात तुम्ही विद्यार्थ्यांच्या दैनिकाचे संपादक होतात. पुढे मिनेसोटात पत्रकारिता शिकलात, मिनीअ‍ॅपोलिसच्या वर्तमानपत्रात नोकरी केलीत आणि मग अ‍ॅटेक्समध्ये गेलात. वर्तमानपत्रांना मजकूर लिहिण्या-जुळवण्याची संगणक यंत्रणा पुरवणारी ही कंपनी. म्हणजे छापखान्याची बाजू आणि संगणकाची बाजू, दोन्ही तुम्ही जवळून पाहिल्या होत्या. फोटोटाइपसेटरमधून, म्हणजे अक्षरं फोटोच्या कागदावर उमटवणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या मजकुराच्या पट्ट्या कापायच्या, मागून मेण लावायचं, कागदावर सरळ रेषेत बसवायच्या, आणि ऐन वेळी चार ओळी वाढल्या की सगळं उचलून पुन्हा लावायचं. हे काम ज्यानं पाहिलेलं नाही, त्याला पेजमेकर सुचलाच नसता असं माझं ठाम मत आहे.

१९८४ साली अ‍ॅटेक्सच्या मालक कोडॅक कंपनीनं तिचं सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडचं केंद्र बंद केलं. तिथल्या तुम्हा सगळ्यांनाच दुसरीकडे नोकऱ्या मिळाल्या असत्या. त्याऐवजी ब्रेनर्ड साहेबांनी स्वतःच्या बचतीतले सुमारे एक लाख डॉलर घातले आणि बाकीचे अभियंते निम्म्या पगारावर राबायला तयार झाले. भांडवलासाठी किती दारं ठोठावली, आणि बहुतेकांनी नकारच दिला. सॉफ्टवेअरमध्ये पैसे घालायचे म्हणजे नेमकं कशात घालायचे, हेच तेव्हा पुष्कळांना कळत नव्हतं.

मला सगळ्यात आवडते ती त्या दिवसांतली तुमची भटकंती. गाडी काढून आसपासच्या छोट्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जायचं आणि तुमचं कुठं अडतं ते विचारायचं. वर्तमानपत्रं खरेदीचा निर्णय घ्यायला फार वेळ लावतात हे त्यातच लक्षात आलं, आणि तुम्ही शाळा, चर्च, लहान व्यवसाय, संस्थांची पत्रकं काढणारी माणसं यांच्याकडे वळलात. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं पण छापायची ऐपत नव्हती, त्यांच्याकडे. कंपनीला नाव दिलंत ते आल्डस मनुशियसचं. व्हेनिसच्या त्या मुद्रकानं १५०१ पासून अभिजात ग्रंथ हातात मावतील अशा आकारात छापायला सुरुवात केली होती. नाव शोभलं.

जुलै १९८५ मध्ये अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी पेजमेकर आला, किंमत ४९५ डॉलर. पहिल्या आवृत्तीत एका फाइलमध्ये फक्त १६ पानं मावायची. पण मांडणीचं तत्त्व पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. पडद्यावर मधोमध पान आणि त्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा. चित्र आत्ता नको असेल तर उचलून बाजूला ठेवा, मथळा कुठं बसवायचा ते ठरेपर्यंत तो तिथंच राहू द्या. जुळणीच्या टेबलावर आपण करतो तेच. मजकूर एका रकान्यात मावला नाही तर तो तिथून उचलून पुढच्या रकान्यात ओतायचा, आणि आधीच्या रकान्यात ओळ वाढली की पुढचं सगळं आपोआप सरकायचं. मेणाच्या पट्ट्या उचलून पुन्हा लावणाऱ्याला यात काय सुख आहे, ते निराळं सांगायला नको.

श्रेय तुमच्या एकट्यांचं नाही, हे मला ठाऊक आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबी कंपनीनं पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा, तयार केली, स्टीव्ह जॉब्स यांनी ती अ‍ॅपलच्या लेझररायटरमध्ये आणली. तो प्रिंटर ६,९९५ डॉलरला होता, म्हणजे प्रत्यक्ष मॅकिंटॉशपेक्षाही महाग, आणि इंचाला ३०० ठिपके छापायचा. तीच फाइल लायनोट्रॉनिक या छपाईच्या दर्जाच्या जुळणीयंत्रावर पाठवली की तेच पान पुस्तकाच्या दर्जाचं निघायचं. पण प्रिंटर आणि भाषा हाताशी असूनही, पानासमोर बसलेल्या माणसाला काय दिसायला हवं, हे कोणीतरी ठरवायचं होतंच. ते तुम्ही ठरवलंत. या सगळ्या कामाला डेस्कटॉप पब्लिशिंग म्हणायलाही ब्रेनर्ड साहेबांनीच सुरुवात केली. आमच्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा कोर्टाच्या किंवा तहसील कचेरीच्या आसपास त्याच शब्दांच्या आद्याक्षरांची, ‘डीटीपी’ची पाटी दिसते.

माझे वडील जुळारी होते. शिशाचे खिळे, ते ठेवायची खणांची लाकडी केस, पायानं चालवायचं ट्रेडल छपाई मशीन. देवनागरीची केस इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी, कारण जोडाक्षरं, काने, वेलांट्या, रफार, सगळ्यांचे खिळे वेगळे. ऑफसेट आल्यावर त्या हातांचं काम संपत चाललं होतं. पेजमेकर देवनागरीसाठी लिहिलेला नव्हता. तरी पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं आणि श्री-लिपीसारखे फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवले, आणि तुमच्या पेजमेकरनं ते विनातक्रार जुळवून दाखवले. अर्धा ‘श’, वरची मात्रा, खालचा उकार, एकेक तुकडा आपल्या जागी. विंडोजवर पेजमेकर आला १९८७ च्या सुमारास. साधा पीसी, लेझर प्रिंटर आणि ट्रेसिंग पेपर एवढ्यावर मराठी पुस्तक तयार होऊ लागलं. वडिलांनी पडद्यावरची ओळ बघून दोन शब्दांमधली जागा कुठं जास्त झाली ते मला दाखवलं. त्यांची नजर नव्या यंत्रावरही तितकीच उपयोगी पडली. त्या गोष्टीसाठी मी तुमची विशेष ऋणी आहे.

आणखी एक. १९८६ मध्ये स्कॅन केलेल्या चित्रांसाठी आल्डसनं टिफ हा फाइलचा प्रकार मांडला आणि त्याची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली. आजही मुखपृष्ठाचं चित्र छापखान्यात पाठवताना मी बरेचदा टिफच पाठवते.

१९९४ मध्ये आल्डस अडोबीत विलीन झाली. ब्रेनर्ड साहेबांनी मिळालेल्या पैशातून पुढच्याच वर्षी पर्यावरणाच्या कामासाठी प्रतिष्ठान काढलं. बेनब्रिज बेटावर मुलांना जंगलात नेऊन शिकवणारं आयलंडवुड केंद्र त्यांनी आणि त्यांच्या पत्नींनी उभं केलं. जेक आणि वॉल्टर यांनी विलीनीकरणाआधीच व्हिजिओ ही आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरची कंपनी काढली होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. मराठीत मात्र ती त्यानंतरही कितीतरी वर्षं रोजच्या वापरात राहिली, कारण आमची हजारो पुस्तकं त्या जुन्या फॉन्टांत अडकली होती.

आता मीही नवी पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, अडोबीच्या इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर करते. त्या इनडिझाइनचं कामही विलीनीकरणाआधी आल्डसमध्येच सुरू झालं होतं, हे मला अलीकडे कळलं. म्हणजे तुमचे आभार मानायला आणखी एक कारण मिळालं, आणि तेही या पत्रात लिहून टाकते.

आपली कृतज्ञ,
सातारा जिल्ह्यातली एक अक्षरजुळणीकार