लॉगच्या सूत्राशेजारी अटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीतही अकरावी-बारावीच्या मुलांना सूत्रांचे एकपानी तक्ते वाटले जातात. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक तक्त्यांवर लॉगचे (लॉगॅरिदमचे; ‘पाया’ या ठरावीक संख्येचा कितवा घात घेतला की दिलेली संख्या येते, तो आकडा म्हणजे लॉग) तिन्ही नियम बरोबर असतात: गुणाकाराच्या लॉगची बेरीज, भागाकाराच्या लॉगची वजाबाकी, आणि घात पुढे काढणे. पण लॉगच्या आतली प्रत्येक राशी शून्यापेक्षा मोठी हवी, आणि पाया धन असून १ नसावा, ही अट मात्र गाळलेली असते. मुलांचे गुण जातात ते नेमके इथेच.

पाया २ धरून हे समीकरण पाहा: लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३. बेरजेचा गुणाकार केला की क्ष(क्ष − २) = २³ = ८, म्हणजे क्ष² − २क्ष − ८ = ०. अवयव पाडून क्ष = ४ किंवा −२. आकडेमोडीत कुठेही चूक नाही, तरी −२ हे उत्तर नाही. −२ ठेवल्यावर गुणाकार (−२)(−४) = ८ धन येतो, म्हणून एकत्र केलेला लॉग चालतो; पण मूळ समीकरणात −२ आणि −४ यांचे लॉग वेगवेगळे घ्यावे लागतात, आणि ते वास्तव संख्यांत नाहीत. दोन लॉग एकत्र करताना अट सैल झाली, आणि त्या फटीतून जास्तीचे मूळ (म्हणजे समीकरणाचे उत्तर) आत आले.

यावर ‘ऋण उत्तर आले की खोडा’ असा उपाय सर्रास सांगितला जातो. तो चुकीचा आहे. पाया २ च ठेवून लॉग (१ − क्ष) + लॉग (३ − क्ष) = ३ सोडवा. क्ष² − ४क्ष − ५ = ० येते, मुळे ५ आणि −१. इथे ५ बाद होते, कारण १ − ५ = −४. आणि −१ ठेवले तर लॉग २ + लॉग ४ = १ + २ = ३, चोख. क्ष चे चिन्ह पाहून काही ठरत नाही. लॉगच्या आत काय उरते ते पाहावे लागते.

उलट बाजूने मूळ हरवतेही, आणि हे जास्त घातक, कारण पडताळा घेऊनही ते सापडत नाही. पाया १० असताना लॉग क्ष² = २ याची उत्तरे १० आणि −१० अशी दोन आहेत. घात पुढे काढून २ लॉग क्ष = २ लिहिले की −१० नाहीसे होते. तसेच (लॉग क्ष)² = २ लॉग क्ष मध्ये दोन्ही बाजूंना लॉग क्ष ने भागले की १०० उरते आणि क्ष = १ हातचे जाते. भागू नये, सगळे एका बाजूला घेऊन अवयव पाडावेत.

पाये वेगळे असतील तर आधी एक करावेत: ४ पायाचा लॉग हा २ पायाच्या लॉगच्या निम्मा असतो. शिवाय लॉग ८ भागिले लॉग २ म्हणजे लॉग (८/२) नव्हे. पाया २ असता पहिले ३ येते, दुसरे २.

क्लासचालकांना आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. तक्त्यात प्रत्येक नियमाशेजारी त्याची अट छापा. नियम लावण्यापूर्वी मूळ समीकरणावरून अट लिहून घ्यायची सवय लावा; वरच्या पहिल्या गणितात ‘क्ष > २’ एवढे एका ओळीत होते. आणि घटक चाचणीत त्या ओळीला वेगळा गुण ठेवून, धन मूळ बाद होऊन ऋण मूळ टिकेल असे निदान एक गणित द्या.

आपले,
गणिताचे काही शिक्षक,
ठाणे व नवी मुंबई